शेवटचं रोप

"एक रोप तरी आठवणीला राहू द्या," असं मीच सुचवलं होतं, तेव्हा पुढच्या प्रकाराचा दोष माझ्याच माथी.

चार महिने दर रविवारी अख्खं गाव कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळ्यातली जलपर्णी उपसत होतं. एक जरी रोप राहिलं तरी वर्षात पुन्हा तळं भरेल, असं शेवंताकाकू बजावत होत्या. तरीही शेवटचं रोप जांभळ्या तुऱ्यासकट आम्ही पितळी तांब्यात ठेवलं आणि जलपूजनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांना शाल-नारळाबरोबर दिलं.

पाहुणे भारावले. "किती सुंदर फूल! तळ्याचं तळ्यालाच अर्पण," म्हणत ते काठाशी गेले, डोळे मिटले आणि रोप भक्तिभावाने पाण्यात सोडलं. सरपंचांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या. रोप वाऱ्यावर डुलत ऐटीत मधोमध निघालं.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. ठेवणीतलं इरकल नेसलेल्या शेवंताकाकू पाण्यात होत्या.

बाहेर आल्या तेव्हा पदर निथळत होता आणि रोप मुठीत होतं. "मास्तर, तुमच्याकडे नंतर बघते," त्या मला म्हणाल्या.

"अहो, मी श्रद्धेनं सोडलं होतं ते," पाहुणे पुटपुटले.

काकूंनी रोप पुन्हा तांब्यात खोचलं. तांब्या त्यांच्या हातात देता देता त्या थबकल्या.

"साहेब, तुमच्या गावाला तळं नाही ना?"