दाराजवळची खुर्ची

भूपेंद्रच्या ट्रॅव्हल ऑफिसात चपला बाहेर काढाव्या लागत. सुरतेत बऱ्याच ऑफिसांची हीच रीत: आत आरशासारखी लादी नि एसी, दाराबाहेर चपलांचा ढीग. मधुकररावांचे सँडल नवे होते. त्यांनी ते काढून भिंतीला टेकवून ठेवले आणि आत येताच अलकाताईंना दाराजवळची खुर्ची दाखवली. "तू इथे बस. सँडलवर जरा लक्ष राहील." अलकाताई बसल्या. सवयच इतकी, की बसल्यावर त्यांना कळलं आपण बसलो.

मधुकरराव पुढे टेबलापाशी गेले. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते जहाजांची तुलना करत होते. आयुष्यभर कर्जाचे कागद तपासले, तीच नजर आता जहाजांवर. आज गाडी दोन जहाजांवर येऊन थांबली होती. एक सिंगापूरहून सुटणारं: विमानप्रवास थोडा, सोबत गुजराती ग्रुप, स्वयंपाकाला स्वतःचा महाराज, रात्री खिचडी-कढी. दुसरं बार्सिलोनाहून: मुंबईहून निघून दुबईला विमान बदलायचं, पण रोज नवं बंदर, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाईन. वाईन म्हणताना भूपेंद्रचा आवाज आपोआप खाली गेला. दारूबंदीच्या गुजरातेत हा शब्द अजून दाराआड पोलीस उभा असल्यासारखाच उच्चारतात.

अलकाताईंना स्क्रीन दिसत नव्हता, ऐकू मात्र सगळं येत होतं. त्यांचं मन बार्सिलोनाच्या जहाजावर बसलं होतं. घरी त्यांनी स्वच्छ सांगितलंही होतं, की एकदा तुमच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून निवांत बसायचंय. अगं, त्यासाठीच तर चाललोय, असं मधुकरराव म्हणाले होते, आणि पुन्हा विमानांच्या वेळा बघू लागले होते.

शेवटी बार्सिलोनाचंच जहाज ठरलं, आणि बंदरांवरच्या सहलींचं निघालं. नेपल्सला उतरल्यावर ज्वालामुखीचा डोंगर चढायची सहल होती. मधुकररावांनी लगेच आपलं नाव घालायला सांगितलं. बायकोच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, ती खाली बसेल, तेवढंच वर जाणाऱ्या सगळ्यांचं सामान नजरेखाली राहील, असं म्हणून त्यांनी तो विषय निकालात काढला. अलकाताईंच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. गेल्या चैत्रात सप्तशृंगीच्या पायऱ्या त्या चढून गेल्या होत्या. ट्रॉलीने गेले होते ते मधुकरराव.

मग वाईनपाशी घोडं अडलं. जहाजाचा नियम असा, की वाईन घ्यायची तर केबिनमधल्या दोघांच्याही नावावर घ्यायची. एकाला नको असेल, तर ज्याला नको त्याने स्वतः सांगायचं.

"मिसेस घेत नाहीत," मधुकरराव म्हणाले. "लिहून टाक."

"काका, तुमच्या बोलण्यानं नाही चालत, एज वांधो छे." भूपेंद्र जरा ओशाळला. खानदेशातल्या आईबापांचा हा मुलगा सुरतेत वाढलेला. निम्मी भाषा इथली, निम्मी तिथली. त्याने मान उंचावून दाराकडे पाहिलं. "काकी, तुम्ही नथी लेता ने?"

साधा प्रश्न. पण तो अलकाताईंना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

त्यांना दमण आठवलं. बँकेतली मंडळी दर हिवाळ्यात सहकुटुंब दमणला जायची. गाडी थांबली, की पुरुष पँटी दुमडून पाण्यात, आणि तिथून तसेच अनवाणी समोरच्या शेडमध्ये, बियर मागवून. बायका पोरांना घेऊन लाटांत जायच्या. सुरूच्या झाडाखाली सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पाकिटं, किल्ल्या, आणि त्यांच्याजवळ अलकाताई. "अलकावहिनी बसल्यात ना," असं जो तो म्हणायचा आणि निर्धास्त व्हायचा. त्यांनाही तेव्हा बरं वाटायचं. विश्वासाचं माणूस म्हणून नाव झालं होतं. इतक्या वर्षांत दमणच्या समुद्राने त्यांचे पाय काही भिजवले नाहीत. आणि याचं वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना आत्ता, या गार ऑफिसात समजलं.

"अगं, सांग ना त्याला," मधुकरराव म्हणाले.

अलकाताई उठल्या. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, टेबलापर्यंत आणली, मधुकररावांच्या खुर्चीला लावून ठेवली आणि दाराकडे पाठ करून बसल्या.

"पिईन की नाही, ते तिथे गेल्यावर बघेन," त्या शांतपणे भूपेंद्रला म्हणाल्या. "पण माझा ग्लास राहू दे. ह्यांच्या ग्लासाशेजारीच. आणि त्या डोंगरावर माझंही नाव घाल."

"अगं, पण खाली सामानापाशी कोण..." मधुकरराव म्हणू लागले. अलकाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

भूपेंद्रने न विचारता स्क्रीन अलकाताईंकडे वळवला. जहाजाच्या मागच्या बाजूचा डेक होता, कठड्याला लागून दोन खुर्च्या, आणि पुढे नजर पोहोचेल तिथवर पाणी. अलकाताई किंचित पुढे झुकल्या.

"याच बाजूची केबिन मिळेल का रे?" त्यांनी विचारलं.

भूपेंद्र बघू लागला. अलकाताईही बघत होत्या, डोळे भरून. मधुकरराव मात्र घडीघडी मान मागे वळवून दाराबाहेर पाहत होते.