नुसता आकडा

"उभ्या अक्षावर एकक नाही," करवत सर म्हणाले. "नुसत्या आकड्याला काय अर्थ?"

पडद्यावर तिच्या मुंग्यांच्या वेगाचा आलेख होता. पीएचडीच्या तोंडी परीक्षेतला हा पहिलाच प्रश्न, आणि सकाळपासून कुरकुरणारी तिची कंबर नेमकी तेव्हाच धरली. तिने टेबलाची कड पकडली, घोटभर पाणी प्यायलं आणि मग सांगितलं, सेंटिमीटर दर सेकंदाला. सरांनी घड्याळाकडे पाहून समोरच्या कागदावर एक खूण केली.

बाहेरून आलेल्या या परीक्षकांना करवत हे नाव मुलांनीच ठेवलं होतं. घरी पाच मुली वाढवल्या तरी माणूस मऊ पडला नाही, असं सगळे म्हणत.

तिचे दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. परीक्षा बाळंतपणानंतर ठेवू, असं ऑफिसचं म्हणणं. पण महिनाअखेर निकाल हाती नसता, तर संशोधन केंद्रातली तिची जागा दुसऱ्याला गेली असती. शेवटी विद्यापीठाच्या पाळणाघरातल्या ताई कुलसचिवांच्या दारात ठाण मांडून बसल्या. शिकणाऱ्या आयांची कामं त्याच बघत. बसून उत्तरं द्यायची परवानगी, उशीची खुर्ची, खाली गाडी, सगळं त्यांनी पदरात पाडून घेतलं. "गरोदर आहेस, आजारी नाहीस. खणखणीत बोल," त्यांनी बजावलं होतं. आता त्या तिची पिशवी मांडीवर घेऊन दाराबाहेर बसल्या होत्या.

सर प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिले. ती बोलत होती बरी, पण मधूनच कंबर धरायची आणि वाक्य अर्ध्यावर राहायचं. मग सरही थांबत, घड्याळ बघत आणि काहीतरी टिपत.

तिने मान तिरकी करून कागद वाचला. बारा. अकरा. नऊ. पंधरापैकी असणार, तिने हिशोब केला. मुंग्यांच्या रांगेची कोंडी का होत नाही, हे तर तिचं हुकमी उत्तर. त्यातही ती एकदा अडखळली आणि सरांनी सात लिहिले.

मग ते उठून दारापाशी गेले. ताईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. ताईंनी मान डोलावली आणि लगबगीने निघून गेल्या. झालं, परीक्षा पुढे ढकलली, तिला वाटलं.

सर परत आले. तिच्या प्रबंधाच्या त्यांच्या प्रतीत अजून डझनभर चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या, तरी त्यांनी ती मिटली. "शेवटचा प्रश्न. पुढे काय शोधणार?"

बुडायचंच तर थाटात बुडू, असं ठरवून ती बोलली. वाट चुकलेली मुंगीच कधीकधी नवं अन्न शोधते, मला त्या चुकलेल्या मुंग्या मोजायच्यात, म्हणाली. बोलता बोलता पुन्हा कंबर धरली. या खेपेला ती थांबली नाही. सरांनी तरीही आकडा लिहिला. मग अहवालावर सही केली.

"अभिनंदन, डॉक्टर."

शेजारी बसलेल्या तिच्या गाईड बाईंनी टाळ्या वाजवल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ताई दारात येऊन उभ्या होत्या, पिशवी खांद्याला.

तिचा विश्वास बसेना. "पण सर, मला तर सातच गुण..."

"कसले गुण?"

सरांनी कागद तिच्याकडे फिरवला. बारा, अकरा, नऊ, सात, सहा. वर ठळक अक्षरांत, एककासकट, लिहिलं होतं: 'दोन कळांमधलं अंतर, मिनिटांत.'