यंत्र म्हणून नोंद

सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला यंत्रमानव गाळात अडकला, तेव्हा सुपरवायझर पाचपुते यांनी सफाई कामगार कौतिकच्या हातात हुक लावलेला दोर दिला. "आत जा आणि त्याला फक्त हुक अडकव."

"मास्क?"

"मास्क कुठला? माणसानं टाकीत उतरायला बंदी येऊन नऊ वर्षं झाली. माणूस उतरतच नाही, तर मास्क घेणार कोण?"

"मग मी कोण, साहेब?"

पाचपुतेंनी टॅबवर परवान्याचा फॉर्म उघडला. त्यात माणसाचा रकानाच नव्हता. त्यांनी 'उपकरण' निवडलं आणि पुढे भरलं: कौतिक, वजन त्रेसष्ट किलो.

यंत्रमानवाने गाळ ढवळल्यामुळे त्यात कोंडलेला विषारी वायू मोकळा झाला होता. अडकल्या जागेवरून यंत्रमानव त्या वायूचं मोजमाप पाठवतच होता. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'प्रवेश नामंजूर. वायूमुळे उपकरण खराब होण्याचा धोका.'

पाचपुते वैतागले. "थांब, नोंद खोडतो. तू तसाच उतर शिडीने."

कौतिकने टाकीचं झाकण ओढून लावलं आणि त्यावरच बसकण मारली.

"खोडू नका, साहेब. यंत्रच राहू द्या मला."