पप्पांची कुजबुज

पप्पा पापं कबूल करायला कन्फेशनच्या लाकडी खोलीत शिरले आणि मागे पडदा पडला. बाहेरच्या बाकावर आज त्यांच्या मुलीशिवाय कुणीच नव्हतं. टीव्हीवर फुटबॉलचा अंतिम सामना होता, त्यामुळे सगळ्यांची पापं पुढच्या शनिवारवर गेली होती.

पप्पांनी सव्वीस वर्षं गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले होते आणि त्या ठोकाठोकीत दोन्ही कानांची वाट लागली होती. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते मधूनच शिट्टी मारायचं, म्हणून चर्चच्या पायरीवरच कानातून निघून शर्टाच्या खिशात जायचं. देवासमोर शिट्ट्या बऱ्या दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग आत गुडघे टेकून ते आपल्या मते कुजबुजायचे आणि ती कुजबुज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू यायची.

हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रांगेतल्या लोकांनी आपापसात तोड काढली होती. पप्पा आत गेले की शिंपीणकाकू घसा खाकरून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना सुरू करायच्या आणि पाठोपाठ सगळी रांग मोठमोठ्यानं म्हणू लागायची. पप्पा बाहेर आले की प्रार्थना आपोआप थांबायची. ‘आपल्या चर्चमधली माणसं फार भाविक,’ असं पप्पा घरी कौतुकानं सांगायचे.

आज शिंपीणकाकू नव्हत्या.

“फादर, मुलीचं सांगायचंय,” आतून आवाज आला. “तिला परगावी नर्सिंगला जायचंय. मी नाही म्हणालो.”

मुलगी जागच्या जागी थिजली. आठ दिवस ती त्या एका ‘नाही’पाशी डोकं आपटत होती. का नाही, असं विचारलं की पप्पा ताटात बघायचे. आई म्हणायची, त्यांनाच विचार. फॉर्म सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर पप्पांची सही नव्हती. तिनं त्यांच्याशी अबोला धरला होता, आणि मनातल्या मनात त्यांना असं काही बोलली होती, की तेच आज फादरांना सांगायला आली होती.

“घरात मी कारण सांगितलं नाही,” पप्पा म्हणाले. “खरं कारण असं आहे, फादर...”

नुसतं गप्प बसायचं होतं. जे आठ दिवस मागून मिळालं नाही, ते आयतं चालून येत होतं आणि ऐकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण इतकी वर्षं त्या रांगेनं पप्पांची अब्रू सांभाळली होती, धड ओळख नसलेल्यांनीसुद्धा. आणि आज त्यांची पोटची पोर बाहेर बसून कान टवकारणार? तिला स्वतःचाच राग आला. पप्पांचा होताच.

“नमो मरिया,” ती म्हणाली. पहिला आवाज फाटकाच निघाला. मग तिनं बाक घट्ट धरला आणि घसा मोकळा सोडला. एकदा झालं, पाचदा झालं, दहादा झालं. पप्पांचं संपेना. मग पाठ असलेल्या एकूण एक प्रार्थना म्हणून झाल्या, आणि काहीच उरलं नाही तेव्हा तिनं जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा म्हणून टाकली.

पडदा सरकला. पप्पा डोळे पुसतच बाहेर आले. नेहमी ते पुढच्या बाकावर गुडघे टेकायला जायचे. आज येऊन तिच्याशेजारी बसले आणि खिशातलं यंत्र काढून कानात घातलं.

“फादर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बाहेर तुझी पोर एकटी घसा फोडतेय. तुझं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.” ते फरशीकडे बघत होते. “मी एवढ्या मोठ्यानं बोलतो?”

“जरासं,” ती म्हणाली.

“म्हणजे शिंपीणकाकू वगैरे...”

“हो, पप्पा.”

पप्पांनी कपाळाला हात लावला.

“तू काय काय ऐकलंस?”

“‘खरं कारण असं आहे.’ तिथपर्यंतच.”

“मग आता ऐक. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून तेच दिलंय.” त्यांनी मान वर केली. “डॉक्टर काय म्हणाला, फोनवर कोण काय म्हणालं, सगळं तूच मला सांगतेस. चारचौघांत कुणी हसलं तर का हसलं, तेही तूच सांगतेस. तू गेलीस की मी तिथं बावळटासारखा बसून राहणार, या भीतीनं नाही म्हणालो. तुझ्या भल्याचा त्यात काही विचार नव्हता, पोरी. माझ्या सोयीसाठी अडवलं तुला. घरी गेल्यावर फॉर्म आण, सही करतो.”

आठ दिवसांचा राग कुठं गेला ते तिला कळेना. तिनं त्यांचा खरखरीत हात हातात घेतला. तिला रडू येत होतं.

“मग डॉक्टरकडे तुमच्याबरोबर कोण येईल?”

“तुझी आई. तिला माझ्याशी ओरडून बोलायची सवयच आहे.”

दोघंही हसली. आतून फादर खाकरले. आता तिचा नंबर होता.

ती आत जाऊन गुडघ्यांवर बसली. आठ दिवस घोकून ठेवलेलं पाप तिनं सांगितलं, ते एका वाक्यात संपलं. तरी ती उठेना.

“फादर, कन्फेशनमध्ये पप्पांचे आभार मानलेले चालतात?”

फादर मधल्या जाळीजवळ सरकले.

“चालतात की,” फादर म्हणाले. “पण मोठ्यानं मान. बाहेर त्यांना ऐकू गेलं पाहिजे.”