सव्वाचा नेम

"अगं, देव बहिरे नाहीत. त्यांना सगळं ऐकू जातं. फक्त त्यांच्या हातात काही नाही," थोरली म्हणाली.

"मग काय लोणचं घालायचंय अशा देवांचं?" धाकटीने फोनमधून मान वर न काढता विचारलं.

दोघी बहिणी चष्म्याच्या दुकानात काउंटरला टेकून बसल्या होत्या. थोरलीच्या चष्म्याची काच तडकली होती. नवी बसेपर्यंत वेळ कसा काढायचा, तर त्या खेळत त्या ऑनलाइन गेममधले सात देव होतेच. त्या देवांवरून दोघींची अशी जुंपली होती, की ऐकणाऱ्याला वाटावं जमिनीच्या वाटण्या चालल्यात. धाकटीच्या मते सातही देव म्हणजे पूर्वी खेळ सोडून गेलेले खेळाडू. खरं काय ते गेम बनवणारे सांगत नव्हते, त्यामुळे बाकी सगळ्यांना सांगायचा ऊत आला होता.

चष्मेवाले काका फिरत्या चाकावर काचेची कड घासत होते. थोरलीचं वाक्य त्यांना लागलं. हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून त्यांनीही देवाला खूप ऐकवलं होतं.

"बरं, आणि ती सव्वाची बाई?" थोरलीने विचारलं.

धाकटीने आता फोन खाली ठेवला. "तीच आठवा देव! रोज देवळात येते. बरोबर सव्वाला मुक्या देवीपुढे वाकते. कोणाशी बोलत नाही, लढत नाही. उठते आणि जाते. आठ महिन्यांत एक दिवस खाडा नाही. माणसाला जमेल हे?"

काच काकांच्या बोटांतून निसटली. ती उचलायला ते वाकले आणि तसेच राहिले.

"आज कळेलच," धाकटी म्हणाली. "आम्ही चाळीसजण देवळात दबा धरून बसलोय. ती वाकली की सगळ्यांनी मिळून वार करायचा. देव असेल तर मरणार नाही. मेली तर माणूस."

"आणि माणूस निघाली तर? तिथे मेलेलं परत उठत नाही. सगळं पुसलं जाईल बिचारीचं."

"मग खेळेल की पहिल्यापासून. त्यात काय एवढं?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून नऊ मिनिटं झाली होती. काका पडदा सारून आत गेले.

आतल्या टेबलावर लेकीचा लॅपटॉप होता. त्यांनी तो उघडला. हिरव्या झग्यातली बाई मुक्या देवीपुढे येऊन उभी राहिली. तो हिरवा रंग निवडायला लेकीने अख्खी दुपार घालवली होती. स्क्रीनखाली तिच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. 'बाबा, तुझ्या जेवणाच्या सुट्टीतला सव्वाचा नेम लावलाय. हे बटण दाबलं की ती वाकते. हे दाबलं की उठते. वेळ चुकवू नकोस, देवीचा दिवा विझतो.' खाली आणखी एक ओळ होती. त्या ओळीकडे काका बघत नसत.

गाडी दारात उभी असताना, हॉस्पिटलची बॅग अर्धी भरून, तिने ही चिठ्ठी लिहायला घेतली होती. काका खेकसले होते, "चुलीत घाल तो खेळ! चप्पल घाल आधी." तेवढंच ते तिच्यावर शेवटचं ओरडले. आठ महिने ते वाक्य त्यांना जेवू देत नव्हतं.

खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दोन बटणं तेवढी कळत होती. आज दाबलं नाही तर दिवा विझणार, आणि दाबलं तर चाळीसजण तिला मारणार. एकदा तिला जाताना बघितलं होतं. पुन्हा बघायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

एक तेराला ते लॅपटॉप उचलून बाहेर आले आणि त्यांनी तो बहिणींच्या पुढ्यात ठेवला.

"पोरींनो, तिला मारू नका गं."

धाकटीने स्क्रीनवरचा हिरवा झगा बघितला. मग आपल्या फोनवरचा. दोन्हीकडे तीच बाई उभी होती.

"काका, तुम्ही?" तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही देव आहात?"

"देव असतो तर पोरीला घरी आणलं नसतं का?" काका म्हणाले. "मुलगी आहे माझी. म्हणजे, होती. तिने एवढं एकच काम सांगितलं होतं. तेवढंच करतो. दुसरं काही येत नाही मला."

थोरलीने बहिणीच्या हातावर हात ठेवला. धाकटीने घाईघाईने फोनवर लिहिलं, 'थांबा. कोणी हात लावू नका.' दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा गेलं.

सव्वा वाजला. काकांनी बटण दाबलं. चाळीस तलवारींच्या मधोमध हिरव्या झग्यातली बाई वाकली. देवीपुढचा दिवा जरा मोठा झाला.

धाकटीचा फोन थांबायला तयार नव्हता. 'काय झालं?' 'देव की माणूस?' 'सांग ना!' तिने तो उलटा करून ठेवला.

"काका," तिने हळू आवाजात विचारलं, "अजून किती दिवस करणार हे?"

काकांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि स्वतः घड्याळाकडे बघत राहिले.

'मी घरी येईपर्यंतच हं, बाबा.'