उकरायला काहीतरी

तांबडीची पाठ आज पुन्हा सोलली गेली होती. मानेपासून शेपटीपर्यंत एक पीस नाही, आणि मधोमध रक्ताचा ठिपका. फरशीवाला जाळीच्या आत उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. बाकीच्या कोंबड्या कोपऱ्यात साळसूदपणे उभ्या, आम्ही नाहीच त्यातल्या अशा. "बायांनो, एका भांड्यात खाता ना गं?" तो म्हणाला.

कोंबड्या त्याच्या नव्हत्या, बायकोच्या होत्या. तिची उजवी बाजू लुळी पडली आणि कोंबड्या याच्या गळ्यात आल्या. ती आता दिवसभर खिडकीतल्या खुर्चीत बसून या जाळीकडे बघायची. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ती बोलत नव्हती. कोंबड्याही गेल्या तर ही बघणार कशाकडे, हाच त्याला घोर.

सगळं सुरू झालं ते जमिनीपासून. बायको हिंडतीफिरती होती तेव्हा जाळीत साधी माती होती. ती खुरप्याने हलवायची, त्यावर काहीबाही टाकायची, आणि कोंबड्या खूश असायच्या. याला ते जमेना. पावसात मातीचा नुसता चिखल झाला. पेंढा अंथरला, तो भिजून कुजला. लाकडाचा भुसा टाकला, तर कोंबड्या शिंकायला लागल्या. मग त्याने आपलं हुकमी काम काढलं. जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवलेला माणूस तो. उरलेल्या फरश्या परसात पडूनच होत्या. पाणसळीने पातळी जुळवून, सांधे सिमेंटने भरून त्याने जाळीतली जमीन अशी केली की कुणीही जेवायला बसावं. रोज पाणी मारलं की काम फत्ते.

घरातही त्याने हेच केलं होतं. बायको अडखळू नये म्हणून उंबरे फोडले, पायपुसणी उचलली. सुरी, विळी, डबे, सगळं तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवलं. "तू नुसती बसून राहा, मी आहे ना," हे त्याचं पालुपद. जमीन सपाट असली की निम्मी दुखणी पळतात, असं त्याचं ठाम मत.

दुखणी काही पळाली नाहीत. आधी अंडी बंद झाली. मग पिसं उपटणं सुरू झालं. त्याने औषध चोपडलं, दाणा बदलला. तांबडीला वेगळं ठेवलं, तर दुसरीची पाठ गेली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, विकून टाका त्या. आईचं करता करता तुम्ही आणखी कुठे कुठे पुरणार?" तिचंही खोटं नव्हतं. त्याने अगदी हात टेकले होते.

शेवटी त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तांबडीला काखेत घेऊन उलटीपालटी करून पाहिली. मग खाली पाहिलं.

"फरशी झकास बसवलीय हो."

"पाणसळीत आहे," तो म्हणाला. एवढ्या काळजीतही त्याला ते सांगितल्यावाचून राहवलं नाही.

"आजार काही नाही यांना. काम नाही. कोंबडी दिवसभर उकरते, तेच तिचं जगणं. तुम्ही पायाखालचं सगळं काढून घेतलंत. मग चोच कुठेतरी चालणारच. आधी शेजारणीची पिसं, आणि एकटी असली तर स्वतःची."

"मी तर त्यांना त्रास नको म्हणून..."

"तेच तर. वाळू टाका, पाचोळा टाका, हवं ते टाका. पण त्यांना उकरू द्या."

बाई गेल्यावर त्याने छिन्नी-हातोडा काढला. आपल्या हाताने बसवलेली फरशी आपल्याच हाताने फोडताना त्याला रडू आलं. खाली जाडी वाळू पसरली, पाणी निचरावं म्हणून. वर पाचोळा टाकला, भिजला तर बदलता यावा म्हणून. त्यात मूठभर दाणे उधळले. कोंबड्या क्षणभर बावचळल्या. मग तांबडीने एक पाय मागे झटकला, आणि सगळ्या जणी तुटून पडल्या.

ही बातमी सांगायला तो धावतच घरात गेला.

बायको खिडकीत होती. डाव्या हाताने ती अंगावरच्या शालीची लोकर उपटत होती, एकेक धागा करून. मांडीवर लोकरीचे बारके बारके गोळे पडले होते. हे काही नवीन नव्हतं. ते गोळे तो रोज झाडून टाकायचा. एक शाल विरली म्हणून त्याने दुसरी आणून दिली होती, आणि आता हिचीही कड निम्मी संपली होती. फरशीवाला दारातच थबकला.

मग तो मागे फिरला. उरलेल्या वाळूच्या ढिगातून बारीक खडे वेचले. नळाखाली चांगले खळखळून धुतले, कारण शेवटी ते अन्नात जायचे होते. डब्यातले स्वच्छ तांदूळ ताटात ओतले, खडे त्यात मिसळले आणि ताट तिच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

"दुकानदाराने फसवलं गं," तो म्हणाला. "मला मेलं काही दिसत नाही. जरा निवडून देतेस?"

बाहेर पाचोळा खसखसत होता. मग डावा हात शालीवरून उठला. बोट तांदळात फिरलं, अडलं. तिने एक खडा उचलला, चिमटीत फिरवून पाहिला आणि खिडकीच्या कडेवर ठेवला.

"अहो," ती जड जिभेने म्हणाली, "दुकानातल्या तांदळात ओले खडे कधीपासून यायला लागले?"

आणि ती दुसरा खडा शोधू लागली.