चाखलेलं पान

“यांनी गोगलगाय खाल्ली होती का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

रोपवाला हसला. समोर खाटेवर बायको पडलेली. आठवडाभर नुसतं ‘डोकं, डोकं’ करत होती आणि कालपासून तेही बंद झालेलं. आणि हा हसला. दुसरं काही सुचलंच नाही त्याला.

“बाई, आमची रोपवाटिका आहे. माणसं आहोत आम्ही, बदकं नाही.”

“कच्ची, अर्धी कच्ची. पैजेवरसुद्धा खातात लोक.”

“अहो, हात लावायची किळस होती तिला. चिमट्यानं उचलायची. पाहुणे वेचून येते, म्हणायची.”

“पाहुणे?”

“त्या मोठ्या. मुठीएवढ्या शंखाच्या. इथल्या नव्हेतच त्या.” तो थांबला. मग बोललाच. “हॉटेलवाल्यांना दाराशी शोभेला परदेशी पाम हवे होते. आले जहाजातून, कुंड्यांसकट. थोडे दिवस आमच्याकडे ठेवले, मग पाम गेले. कुंडीतल्या मातीतून जे उतरलं, ते राहिलं. आता वाफे आमचे आणि राज्य त्यांचं.”

“तपासणी झाली नव्हती?”

“झाली की. पानं उलटीपालटी करून बघितली, निरोगी म्हणून चिठ्ठी लावली. रोपं निरोगीच होती. मातीत बोट घालायला कुणाच्या बापाला वेळ आहे?”

त्याची आई पायथ्याशी स्टुलावर बसली होती. सुनेचे तळवे चोळत होती, मघापासून तेच. “गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते खोटं नाही,” ती म्हणाली.

“पोटात पाय नाही, आजी. किडे.” डॉक्टरबाईंच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “किडा मुळात उंदराचा. उंदराच्या लेंडीतून गोगलगाईत जातो, तिच्यातून परत उंदरात. माणसाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण चुकून माणसात शिरला, की वाट चुकतो. मेंदूपर्यंत जातो आणि तिथंच मरतो. पाठीतून पाणी काढलं ना यांच्या, त्यात तसंच दिसतंय. उंदीर पूर्वीही होते. गोगलगाईही होत्या. पण असे पेशंट मी या मोठ्या आल्यावरच बघायला लागले.”

“पण हिनं खाल्लीच नाही ना!”

“गोगलगाईचं पिल्लू तिळाएवढंही असतं. पानावर बसलेलं दिसतसुद्धा नाही. न धुता चावलं गेलं, तरी पुरे. कच्चं पान खातात का या?”

म्हातारीचे हात थांबले.

“आमच्या घरात जिभेनं पाणी घालतात, बाई,” ती म्हणाली.

डॉक्टरबाईंना कळलं नाही.

“पुदिना तहानलाय का, हे वरवरची माती बघून नाही कळत. पान चावायचं. कडू लागलं तर पाणी कमी, पाणचट लागलं तर जास्त. माझी जीभ गेली. हिची अशी, की डोळे मिटून ओळ सांगेल कुठली ते. रोज सकाळी सगळ्या ओळी चाखायची.”

“धुऊन?”

“धुतल्यावर चव काय कळणार?”

रोपवाल्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

खिशात पुदिना होता. काल सिस्टर म्हणाल्या होत्या, ओळखीचं काहीतरी आणा, कधीकधी माणूस परततं त्यानं. घरी जाऊन त्यानं तिचा कंगवा उचलला, ठेवला. उशी उचलली, ठेवली. शेवटी तिच्याच ओळीतून ही फांदी तोडून आणली. जिभेवर पान ठेवू, बोलेल, असं वाटलं होतं.

“औषध चालू आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बघू.” आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

रोप हातचं गेलं की गिऱ्हाइकाला तोही हेच सांगायचा. बघू.

सिस्टर सलाइन बघायला आल्या. तेवढ्यात बायकोचा हात हलला. चिमटीत चादर धरून तिनं सोडली. पुन्हा धरली. सिस्टरनी म्हातारीकडे पाहिलं, मग नजर खाली घेतली. “चादर ओढायला लागल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “हे बरं नाही.”

“ओढत नाहीये ती,” रोपवाला म्हणाला. “खुडतेय.”

अंगठ्याचं नख देठाखाली, हलकीशी पिरगळ, मुळाला धक्का नाही. तिची रीतच होती ती. रिकामी चिमूट तिनं तोंडापाशी नेली. जिभेवर ठेवली. चावली.

“कडू लागतंय,” ती म्हणाली.

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला.

“अहो, ही ओळ सुकली.”

“घालतो पाणी,” तो म्हणाला. रोज सकाळी म्हणायचा तसंच, थोडं वैतागून, थोडं लाडात. आणि तिचं तोंड नीट दिसावं म्हणून खाली वाकला. खिसा तिच्या नाकाशी आला. चुरगळलेल्या पुदिन्याचा वास खाटेवर पसरला.

तिच्या नाकपुड्या फुलल्या. डोळे मिटलेलेच होते, पण मान सावकाश त्याच्याकडे वळली आणि चेहऱ्यावर ओळख आली. काल सगळ्यांनी मिळून हाका मारल्या तेव्हा आली नव्हती, ती. तिनं तोंड उघडलं, जीभ पुढे केली आणि पानाची वाट बघत राहिली.

त्यानं खिसा मुठीत आवळला आणि खाटेपासून मागं सरला.